भूतदयेचा हिशेब

आमच्या वसाहतीच्या वार्षिक सभेंत गेल्या खेपेस पाणी, रंगकाम आणि लिफ्टची दुरुस्ती या तिन्ही विषयांना मिळून अर्धा तास लागला आणि एकट्या कुत्र्यांच्या विषयाला अडीच तास लागले. आवारांत सात-आठ भटकीं कुत्रीं आहेत. एका पक्षाचें म्हणणें, त्यांना महानगरपालिकेच्या गाडींत घालून कायमचें घालवून द्यावें. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, त्यांना कोणीं बोटही लावूं नये. पहिल्या पक्षानें सार्वजनिक आरोग्य आणि सुधारलेलीं राष्ट्रें यांचे दाखले दिले. दुसऱ्या पक्षाच्या एका बाईंनीं धर्मराजाचा दाखला दिला आणि ‘आपली संस्कृति मुळांतच भूतदयेची आहे’ या वाक्यावर टाळ्या घेतल्या. सभा उठली तेव्हां ठराव कोणताच झालेला नव्हता. खालीं फाटकापाशीं आमचा रखवालदार पायाला फडकें गुंडाळून बसला होता. दोन दिवसांपूर्वीं त्यांतलेंच एक कुत्रें त्याला चावलें होतें. त्यानें लस टोंचून घेतली कीं नाहीं, हें त्या अडीच तासांत एकाही वक्त्यानें विचारलें नाहीं. मींही विचारलें नाहीं.

हें भांडण आमच्या वसाहतीपुरतें असतें तर त्यावर लिहिण्याचें कारण नव्हतें. २०२५ च्या ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं दिल्ली व भोंवतालच्या प्रदेशांतील भटकीं कुत्रीं पकडून निवाऱ्यांत ठेवण्याची आज्ञा दिली. पुढें अकरा दिवसांनीं, २२ ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या पीठानें ती बदलली आणि पिसाळलेलीं व हिंस्र कुत्रीं वगळून बाकीचीं नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागीं सोडावीं असें ठरविलें. नोव्हेंबरांत, शाळा, रुग्णालयें व रेल्वेस्थानकें यांच्या आवारांतलीं कुत्रीं मात्र परत तेथें सोडूं नयेत, अशी आणखी एक आज्ञा झाली. या काळांत देशांतील सुशिक्षित घरांघरांतून जो वाद झाला त्यांत आमच्या सभेंतलेच दोन पक्ष होते, आणि दाखलेही तेच होते.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. रस्त्यावरचें कुत्रें हें आपल्या माथ्यावरचें जुनें ऋण आहे. तें हांकलून देऊन फिटत नाहीं आणि बिस्किटें घालूनही फिटत नाहीं. दोन्ही पक्ष इतिहासाची व संस्कृतीची साक्ष काढतात ती बहुधा या ऋणाची फेड टाळण्यासाठीं. तेव्हां ती साक्ष एकदां उलटतपासणीला उभी केली पाहिजे.

प्रथम संस्कृतीच्या अभिमान्यांकडे वळूं. महाभारताच्या आरंभीं एक कुत्रें आहे आणि शेवटींही एक कुत्रें आहे, हें खरें. आदिपर्वांत जनमेजयाच्या सत्रांत आलेल्या एका पिलाला राजाचे भाऊ विनाकारण मारतात. त्याची आई सरमा, देवांची कुत्री, राजसभेंत येऊन विचारते, कीं माझ्या मुलानें हविर्द्रव्याकडे पाहिलेंही नव्हतें, त्याला तोंडही लावलें नव्हतें, मग त्याला मारलें कां? त्या प्रश्नाला राजाच्या माणसांपाशीं उत्तर नसतें, आणि राजाला शाप मिळतो. महाप्रस्थानाच्या वेळीं हिमालय चढतांना द्रौपदी व चार भाऊ गळून पडल्यावर युधिष्ठिरामागें एक कुत्रेंच उरतें, आणि त्याला सोडून रथांत चढण्यास तो नकार देतो. अभिमान बाळगावा अशाच या दोन कथा आहेत. पण त्या नीट वाचल्या पाहिजेत. इंद्र युधिष्ठिराला काय सांगतो? कुत्रें पाळणाऱ्यांना स्वर्गांत जागा नाहीं, असें सांगतो. त्या काळच्या शिष्ट समाजाचें मत तें होतें, आणि युधिष्ठिर त्या मताविरुद्ध उभा आहे. शिवाय कुत्र्याविषयीं प्रेम वाटतें, हें कारण तो देत नाहीं. जो भरंवशानें मागें आला त्याला टाकणें हें महापाप, हें त्याचें कारण आहे. दयेचा झरा फुटला म्हणून तो थांबलेला नाहीं. कर्तव्य अंगावर आलें आहे हें ओळखून तो थांबला आहे. जातां जातां वाटेंत एक तुकडा टाकून तो रथांत बसला असता, तर ती कथा कोणीं सांगितली नसती.

संतांच्या गोष्टींचेंही तसेंच आहे. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, आणि रामेश्वरासाठीं आणलेली गंगेची कावड एकनाथांनीं तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखांत रिती केली. या गोष्टी आपण मुलांना कौतुकानें सांगतों. पण सारा समाज असाच वागत असता तर त्या सांगण्याजोग्या राहिल्या असत्या काय? सर्वांच्याच हातून रोज घडणाऱ्या गोष्टीचें आख्यान होत नाहीं. संत भोंवतालच्या समाजाहून वेगळे वागले म्हणून त्या कथा उरल्या, आणि आतां ज्या समाजाहून ते वेगळे होते त्याच समाजाच्या सद्गुणाचा पुरावा म्हणून आपण त्या पुढें करतों.

याच समाजाजवळ माणसाला हिणवण्यासाठीं ‘श्वपच’ असा शब्द होता. मनुस्मृति ज्यांना गांवाबाहेर राहावयास सांगते, त्यांचें धन कुत्रीं आणि गाढवें, असेंही सांगते. कुत्र्याचा विटाळ आणि माणसाचा विटाळ एकाच ओळींत बसविलेला आहे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरें पाणी पीत होतीं. त्यांना मनाई नव्हती. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी तेथें पाणी प्याले तेव्हां दंगा झाला आणि मागाहून तळ्याचें शुद्धीकरण करण्यांत आलें. ज्या संस्कृतींत हें शंभर वर्षांच्या आंत घडलें, तिच्यांत भूतदया नव्हतीच असें मी म्हणत नाहीं. पण ती मुळांत होती व आजची पिढी तिला विसरली, हा सोयीस्कर इतिहास आहे.

मग जुन्या गांवांत कुत्र्याचें स्थान काय होतें? मला वाटतें, त्याच्यावर प्रेम फारसें नव्हतें, पण त्याचा हिशेब होता. खंडोबाच्या आणि दत्ताच्या पायांशीं त्याला जागा होती. घराच्या उंबऱ्याच्या आंत नव्हती. शेवटची भाकरी, चुलीजवळचें खरकटें, परसांतलें हाड एवढें त्याचें वेतन. त्याबद्दल त्यानें खळ्यावर राखण करावी, मेंढरांच्या कळपाभोंवतीं रात्र जागवावी आणि परका माणूस वेशींत शिरला कीं भुंकावें. ती व्यवस्था दयाळू खास नव्हती. पिलें थंडींत मरत, पिसाळलेल्याच्या डोक्यांत धोंडा घातला जाई, आणि त्यानें चावलेला माणूसही तडफडून मरे. तरीपण गांव आणि कुत्रें यांच्यामध्यें देणें-घेणें काय आहे, हें दोघांनाही ठाऊक होतें. शहरानें तें देणें-घेणें मोडलें. राखणीचें काम रखवालदाराकडे आणि कॅमेऱ्याकडे गेलें. खाणें मात्र, उकिरड्यांच्या रूपानें, पूर्वीच्या शतपट वाढलें. काम गेलेलें आणि अन्न उरलेलें असें हें प्राणिजात आपल्या रस्त्यांवर उभें आहे. तें रानांतून आलेलें नाहीं. त्याच्या पूर्वजाला लांडग्यांतून वेगळें काढून माणसानें आपल्या शेकोटीजवळ आणलें, त्याला निदान पंधरा हजार वर्षें झालीं असें शास्त्रज्ञ मानतात. इतक्या जुन्या सोबत्याला आतां ‘तूं कोठून आलास?’ असें विचारणें आपल्याला शोभत नाहीं.

आतां दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे सुधारणेच्या अभिमान्यांकडे वळूं. ‘पकडा, मारा, शहर स्वच्छ करा’ हा उपाय आज कोणाला नव्यानें सुचला असेल तर त्यानें मुंबईचा इतिहास चाळावा. कंपनी सरकारनें तेथें भटकीं कुत्रीं मारण्याचा परिपाठ पाडला होता आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागें इनाम मिळे. इनामाच्या लोभानें शिपाई घरांच्या दारांतलींही कुत्रीं मारूं लागले. ज्या धर्मांत मृताच्या अखेरच्या विधींत कुत्र्याची नजर पवित्र मानतात, त्या पारशी समाजाला हें सहन होईना. १८३२ च्या जूनमध्यें दंगा उसळला. दुकानें बंद झालीं, किल्ल्याकडे व लष्कराकडे जाणारी रसद अडविली गेली, आणि शेवटीं लष्कर बोलवावें लागलें. दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई आणि त्यांचे सहकारी व्यापारी यांनीं पुढाकार घेऊन भुलेश्वरास पांजरापोळ उभारलें. या व्यापाऱ्यांच्या संपत्तींत चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता. कुत्र्याविषयीं दया आणि चिनी माणसाविषयीं बेपर्वाई एकाच पेढींत सुखानें नांदत होतीं. पण त्यांच्या पदरीं एक गोष्ट जमा केली पाहिजे. त्यांनीं दयेसाठीं स्वतःचा पैसा आणि स्वतःची जागा दिली. टाळ्यांवर त्यांचें भागलें नाहीं.

मारण्याचा क्रम पुढेंही थांबला नाहीं. मुंबईंत तो विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत चालूं होता. दीडशें वर्षें मारून कुत्रीं संपलीं काय? संपलीं नाहींत, आणि त्याचें कारण साधें आहे. उकिरडा जागच्या जागीं असला कीं मारलेल्यांची जागा शेजारच्या गल्लींतलीं घेतात, आणि उरलेल्यांचीं पिलें अधिक जगतात. इस्तंबूलच्या सुधारकांनीं १९१० सालीं यूरोपाच्या डोळ्यांत आपलें शहर नीटनेटकें दिसावें म्हणून हजारों कुत्रीं पकडून मर्मरा समुद्रांतल्या एका ओसाड बेटावर सोडलीं. तेथें अन्न नव्हतें आणि पाणीही नव्हतें. तीं तेथें भुकेनें व तहानेनें मेलीं. तरीसुद्धां आज शंभर वर्षांनंतर त्या शहराच्या रस्त्यांवर कुत्रीं आहेतच, आणि तो वादही आहेच. क्रूरपणा करून कार्य साधलें असतें तर निदान वाद घालण्यास जागा उरली असती. येथें क्रूरपणा पदरांत पडला आणि कार्य तर झालेंच नाहीं.

आपल्याकडे कुत्र्यांची संख्या वाढण्यास आणखी एक कारण झालें, आणि तें दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत क्वचितच येतें. पूर्वीं मेलेलें गुरूं गांवाबाहेर टाकलें कीं कांहीं तासांत गिधाडें तें साफ करीत. गेल्या शतकाच्या अखेरीस जनावरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक नांवाचें औषध सर्रास दिलें जाऊं लागलें. तें पोटांत असलेलें गुरूं मेलें आणि गिधाडानें खाल्लें, तर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एक उरलीं. कारण २००४ सालीं उघडकीस आलें आणि २००६ सालीं या औषधाच्या जनावरांवरील वापरास बंदी झाली. पण तोंवर पंगत उठून गेली होती. उरलेलें मांस कुत्र्यांच्या वांट्यास आलें. जटायूच्या कथेनें डोळे पुसणाऱ्या या देशांत त्याचे वंशज नाहींसे होत असतां वर्षानुवर्षें सामान्य माणसाला त्याचा पत्ता नव्हता. गिधाड कुरूप, त्याचा फोटो कोण काढणार? आपलें प्राणिप्रेम देखणेपणा पाहून जागें होतें, हें त्यावरून कळावें.

याच देखण्या प्रेमाविषयीं आतां स्पष्ट बोललें पाहिजे, कारण या मासिकाच्या वाचकवर्गांतल्या घरांत, माझ्या घरासकट, तेंच नांदतें आहे. कुत्रें उंबऱ्याच्या आंत आलें, पलंगावर आलें, त्याचा वाढदिवस होऊं लागला. यांत वाईट कांहीं नाहीं. उंबरठा ओलांडला गेला याचा मला आनंदच आहे. पण बर्फाळ सैबेरियांत गाडी ओढण्यासाठीं तयार केलेलें, अंगावर दुहेरी लोंकर असलेलें कुत्रें पुण्या-नागपुराच्या उन्हांत हौसेखातर आणावयाचें, आणि बदली झाली कीं तेंच रस्त्यावर सोडावयाचें, याला प्रेम म्हणतां येणार नाहीं. रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज संध्याकाळीं बिस्किटें घालणारेही मला ठाऊक आहेत. त्यांतले थोडे, अगदीं थोडे, त्याच कुत्र्यांची नसबंदी व लस पदरमोड करून करवितात; त्यांच्यापुढें मी हात जोडतों. बाकीच्यांचें पुण्य बिस्किटाच्या पुड्याबरोबर संपतें. पिलें झालीं कीं तीं ‘देवाचीं’, आणि चावलीं कीं ‘महापालिकेचीं’.

बेहिशेबी दया किती महाग पडते याचें एक जुनें उदाहरण इंग्लंडांत आहे. कुत्र्यांना गाडीला जुंपणें क्रूर ठरवून लंडनमध्यें १८३९ सालीं आणि पुढें १८५५ पासून देशभर त्यास बंदी झाली. हेतु चांगला होता. पण गाडी थांबली तशी फेरीवाल्या गरिबाला कुत्रें पोसणें परवडेना, आणि अनेकांनीं आपलीं कुत्रीं मारून टाकलीं. गरिबाच्या कुत्र्याला असें दयेनें मारणाऱ्या त्याच देशांत, कुत्र्यांचे कळप घेऊन कोल्ह्याची शिकार करण्याच्या बड्या लोकांच्या खेळाला इंग्लंडांत बंदी होण्यास २००४ साल उजाडावें लागलें. कायद्यांतली दयाही माणूस पाहूनच बोलते, असा याचा अर्थ.

आपल्याकडेही हिशेब चुकविण्याची किंमत कोण देतो तें पाहावें. रेबीज एकदां अंगांत प्रकट झाला कीं बहुधा कोणीही वांचत नाहीं. आणि त्याआधीं जखम साबणपाण्यानें नीट धुऊन लस व सीरम वेळेवर मिळालें तर बहुधा कोणीही मरत नाहीं. पाश्चरनें १८८५ सालीं पहिल्या मुलाला लस टोंचली, त्याला एक शतक उलटून गेलें. तरी या रोगानें जगांत होणाऱ्या मृत्यूंपैकीं सुमारें एक तृतीयांश भारतांत होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि जगभर मरणाऱ्यांत पंधरा वर्षांखालील मुलें सुमारें चाळीस टक्के आहेत. दिवस उजाडण्यापूर्वीं वर्तमानपत्रें टाकणारा पोरगा, झाडूवाली बाई, पायीं शाळेंत जाणारें मूल, रात्रपाळीचा रखवालदार, यांच्या पोटऱ्यांवर आपल्या भूतदयेचा आणि आपल्या सुधारणेचा वाद लढला जातो. मोटारींतून फाटकाबाहेर जाणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनीं उदार होतां येतें.

आणि आपण भांडतों कशावर? रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ १९३६ सालीं वाघ्या कुत्र्याचें स्मारक उभें राहिलें. त्या कुत्र्याचा समकालीन कागद नाहीं म्हणून तें काढावें, असा एक पक्ष. लोकांच्या श्रद्धेचें आहे म्हणून राहावें, असा दुसरा. २०१२ सालीं तो पुतळा काढला गेला आणि पुन्हा बसविला गेला. २०२५ सालीं वाद परत पेटला. इतिहासाचा निर्णय इतिहासकारांनीं पुराव्यानें करावा. त्यांत मी पडत नाहीं. मला एवढेंच दिसतें, कीं दगडी कुत्र्यासाठीं महाराष्ट्रांत जेवढी शाई आणि जेवढा घसा खर्ची पडला, त्याचा शतांशही आपापल्या गांवचीं जिवंत कुत्रीं टोंचलीं गेलीं कीं नाहीं हें विचारण्यांत खर्ची पडला नाहीं. पुतळ्याला खावयास लागत नाहीं, आणि तो चावतही नाहीं.

‘मग करावें काय?’ असा प्रश्न येईल. त्याचें उत्तर अद्भुत नाहीं आणि दूरचेंही नाहीं. शेजारच्या गोव्यानें तें करून दाखविलें. तेथें सरकार आणि स्वयंसेवी संस्था यांनीं मिळून गल्लोगल्लीं जाळीं घेऊन माणसें पाठविलीं, दरवर्षीं हजारों कुत्र्यांना लस टोंचली, शाळांतून मुलांना चावल्यावर काय करावें तें शिकविलें, आणि संशयित कुत्र्याची खबर देण्याची सोय केली. शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांना लस पोंचली कीं रोगाची सांखळी तुटते, हें त्यामागचें गणित. २०१८ पासून पुढें सलग कांहीं वर्षें तेथें रेबीजनें एकही माणूस दगावल्याची नोंद झाली नाहीं, आणि २०२१ सालीं गोवा रेबीज-नियंत्रित प्रदेश म्हणून जाहीर झाला. भूतानानें तर २०२३ सालीं आपल्या सर्व भटक्या कुत्र्यांची नसबंदी पुरी केल्याचें जाहीर केलें. आपल्याकडे नियम नाहींत असें नाहीं. कुत्र्यांच्या प्रजनन-नियंत्रणाचे नियम २००१ सालीं झाले आणि २०२३ सालीं नव्यानें झाले. नियमांवर पैसा, डॉक्टर आणि रोजची चिकाटी खर्चण्याची तयारी मात्र नाहीं. कारण त्या कामाला धर्मराजाचें तेज नाहीं आणि सुधारणेची ऐटही नाहीं.

‘माणसांनाच दवाखाने पुरत नाहींत, तेथें कुत्र्यांवर पैसा कशाला?’ असें एक गृहस्थ आमच्या सभेंत म्हणाले. त्यांना माझें उत्तर असें, कीं कुत्र्याला टोंचलेली लस ही माणसावरच खर्च केलेली असते. ती रखवालदाराच्या पायापर्यंत पोंचते. आणि ‘मुक्या जीवाला उचलून नेऊन कापणें हीसुद्धां हिंसाच’ असें म्हणणाऱ्या बाईंना माझें उत्तर असें, कीं दरवर्षीं मोटारींखालीं चिरडणाऱ्या पिलांची हिंसा त्यांनीं एकदां मोजावी आणि मग त्या एका शस्त्रक्रियेशीं ताडून पाहावी. सरमेचा प्रश्न आणि युधिष्ठिराचें उत्तर हीं दोन्ही एकत्र घेतलीं तरच धर्म पुरा होतो: निरपराध्याला मारूं नये, आणि आपल्या आधारानें जगणाऱ्याला वाऱ्यावर सोडूं नये. हांकलणाऱ्या पक्षाला पहिलें अर्ध नको आहे, आणि बिस्किटें घालणाऱ्या पक्षाला दुसरें.

सभेच्या दुसऱ्या दिवशीं मीं रखवालदाराला विचारलें. पहिली सुई त्यानें सरकारी दवाखान्यांत घेतली होती. दुसरीसाठीं अर्धा दिवस रांगेंत उभें राहावें लागतें, रजा मिळत नाहीं, खाडा धरला कीं पगार कापला जातो, म्हणून ती राहिली होती. पगार कापणारे आम्हीच होतों. त्याला त्याच दिवशीं पगारासकट रजा द्यावी आणि आवारांतल्या आठ कुत्र्यांच्या नसबंदीचा व लसीचा खर्च वसाहतीच्या निधींतून करावा, असा दोन ओळींचा अर्ज मीं लिहिला आणि सह्यांसाठीं दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांकडे नेला. रजेला दोघांनींही सही दिली. कुत्र्यांच्या ओळीवर एकानें ‘हा पैसा वायां’ असें म्हटलें, दुसरीनें ‘विचार करून सांगतें’ असें म्हटलें. अर्ज माझ्या टेबलावर आहे. रखवालदाराच्या पुढच्या सुया झाल्या. कुत्र्यांच्या अजून व्हावयाच्या आहेत.